राउटरचा काप एकीकडे खोल, एकीकडे उथळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं आठ बाय चारच्या, म्हणजे बाजारात १३२५ म्हणून मिळणाऱ्या सीएनसी राउटरवर प्लाय, एमडीएफ, सागवान किंवा एसीपी (दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये गाभा असलेली शीट) कापणाऱ्यांसाठी आहेत. टेबलावरच्या छोट्या मशीनलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त आकडे लहान होतात.

खोली चुकतेय. सगळ्यात आधी कशाला हात लावू?

कशालाच नाही. आपल्याकडे खोली चुकली की पहिला हात सेटिंगकडे जातो. कुणीतरी पल्सचा आकडा (एक मिमी हलायला मोटरला किती विजेचे ठोके द्यायचे तो) बदलतो, कुणी स्पिंडलचे, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरचे, बोल्ट ढिले करून पाहतो, कुणी फाइल नव्यानं बनवतो. संध्याकाळपर्यंत एका चुकीच्या चार झालेल्या असतात आणि मूळ चूक कुठली होती ते कुणालाच सांगता येत नाही.

त्याऐवजी १२ मिमी एमडीएफची एक शीट बेडवर नेहमीसारखी बसवा. तिच्यावर लांबीत पाच आणि रुंदीत तीन अशी पंधरा चौकोनी पॉकेट, म्हणजे आरपार न जाणारे खळगे, पाडा. प्रत्येक ३० मिमी बाजूचं, ३ मिमी खोल. बिट एकच, झिरो (जिथून मशीन खोली मोजतं ती उंची) एकदाच घेतलेला, चालवायचा क्रम ठरलेला. मग व्हर्नियरच्या मागच्या दांडीनं प्रत्येक पॉकेटची खोली मोजा आणि पेन्सिलीनं शेजारी शीटवरच लिहा. व्हर्नियर टेकवताना तिरका होतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून मधला आकडा धरा. डेप्थ गेज असेल तर उत्तमच. कोणतं पॉकेट कितव्या नंबरला पडलं, तेही लिहा. हे विसरलात तर पुढचं अर्धं निदान जमणार नाही.

अर्धा तास जातो आणि एक शीट खर्ची पडते. वाया गेलेल्या सागवानी दरवाजापेक्षा स्वस्त.

पंधरा आकडे मिळाले. ते वाचायचे कसे?

आकडे जागेप्रमाणे बदलतात की वेळेप्रमाणे, हे आधी पाहा. डावीकडून उजवीकडे सरळ उतार दिसत असेल, किंवा चारही कोपरे एकसारखे आणि मधला भाग वेगळा असेल, तर दोष जागेचा आहे: बेड, फ्रेम, रेल किंवा खुद्द शीट. आणि जागा कुठलीही असो, पहिल्या पॉकेटपासून पंधराव्यापर्यंत खोली वाढतच गेली असेल, तर दोष वेळेचा: बिट सरकतोय किंवा झेडची, म्हणजे स्पिंडल वरखाली करणारी, मोटर स्टेप चुकवतेय.

सगळीकडे सारखीच कमी किंवा सारखीच जास्त असेल तर झिरो चुकलाय किंवा पल्सचं गणित चुकलंय. कशालाच काही नियम दिसत नसेल, एक ३.०, शेजारचं ३.४, पुन्हा ३.१, तर शीट नीट पकडली जात नाही असं समजून पुढे जा.

जागेचा दोष निघाला तर आणखी एक चाचणी. तीच शीट सपाटीतच १८० अंशांत फिरवा, झिरो पुन्हा घ्या आणि मोकळ्या जागांत आणखी पंधरा पॉकेट पाडा. खोल भाग शीटबरोबर फिरला तर शीट दोषी. तो मशीनच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर मशीन दोषी. एवढ्या साध्या युक्तीनं मी कितीतरी भांडणं मिटताना पाहिली आहेत, कारण प्लायवाला आणि मशीनवाला दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत असतात.

पॉकेट ठरल्यापेक्षा खोल गेलं, पण त्याच ठिकाणी आरपार काप मात्र खालून सुटला नाही. दोन्ही एकदम कसं होईल?

होतं, आणि हे फार चांगलं लक्षण आहे, कारण त्याचा अर्थ जवळजवळ एकच निघतो: त्या जागी शीट बेडपासून वर उचललेली होती. शीट वर आली म्हणून बिट तिच्या वरच्या पृष्ठात जास्त घुसला. मग आरपार काप का सुटला नाही? बिट बेडपर्यंत पोचलाच, तर वर उचललेली शीटही सुटायला हवी. न सुटण्याचं कारण असं की तिच्याखाली बेडला खड्डा होता; आरपार करण्याच्या पासमध्ये ती त्यात दबली किंवा थरथरली आणि बिट गेल्यावर पुन्हा वर आली. म्हणून त्या जागी आधी हातानं दाबून पाहा. शीट टपटप वाजली, खाली गेली, की उत्तर मिळालं.

याउलट पॉकेटही उथळ आणि आरपार कापही अर्धवट, तर त्या जागी शीट खाली बसलीय किंवा बिट वर राहिलाय. बेडचा खोलगट भाग किंवा कोलेटमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या बिट धरणाऱ्या पकडीत, वर सरकलेला बिट, या दोघांतला एक.

अपकट बिटनं शीट उचलली जाते का?

जाते. अपकटचा पीळ भुसा वर फेकतो आणि तसाच शीटलाही वर ओढतो. डाउनकट तिला खाली दाबतो, कड वरून स्वच्छ देतो, पण भुसा खाचेतच कोंबतो आणि बिट तापतो. कॉम्प्रेशन बिटमध्ये खालचा भाग अपकट आणि वरचा डाउनकट असतो, त्यामुळे पहिला पास त्या अपकट भागापेक्षा खोल घ्यावा लागतो, नाहीतर त्याचा उपयोगच होत नाही. शीट फक्त चार कडांना क्लॅम्प करून मध्ये अपकट चालवला, तर मधली खोली वाढणारच. मध्ये, कापाच्या वाटेत येणार नाहीत अशा ठिकाणी, चार स्क्रू मारा. काम संपल्यावर ती भोकं टाकाऊ भागात जातील अशी मांडणी आधीच करा.

झेडचा झिरो शीटच्या वर घ्यायचा की बेडवर?

काम काय आहे त्यावर ठरतं, आणि याबाबत माझं मत पक्कं आहे. जाळी, कटआउट, फर्निचरचे भाग, म्हणजे जिथे आरपार कापायचं आहे तिथे झिरो बेडवर. कोरीव अक्षरं, व्ही-कार्व्ह, उठाव, म्हणजे जिथे वरच्या पृष्ठापासूनची खोली दिसते तिथे झिरो शीटवर.

कारण साधं आहे. १८ मिमी म्हणून आणलेलं प्लाय बऱ्याचदा १७ आणि काहीतरी भरतं, आणि एकाच शीटच्या दोन टोकांत पाव-अर्ध्या मिमीचा फरक सापडला तर नवल वाटू देऊ नका. झिरो शीटवर घेऊन १८.२ मिमी कापायला सांगितलं, तर झिरो जाड जागी घेतला असेल तेव्हा फळी खालून सुटत नाही आणि पातळ जागी घेतला असेल तेव्हा बेडला चर पडतात. झिरो बेडवर असेल तर जाडी कितीही असो, बिट बेडच्या ०.२ मिमी खाली जाऊनच थांबतो. मात्र अशा कामात पॉकेटची खोली जाडीप्रमाणे बदलेल, हे मान्य करावं लागतं. खाचेत काच किंवा दुसरी फळी बसवायची असेल तर त्या पॉकेटची टूलपाथ, म्हणजे बिटची वाट, वेगळी काढून तिचा झिरो वर घ्या.

कागद ठेवून झिरो घेत असाल तर नेहमीचा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेवढं वजा करा. टचप्लेट (बिट टेकवून झिरो घ्यायची धातूची पट्टी) वापरत असाल तर तिची जाडी एकदा व्हर्नियरनं मोजून मशीनमध्ये तीच भरली आहे का ते पाहा, आणि ती ठेवण्याआधी खाली फुंकर मारा. एमडीएफच्या पिठाचा थर बसतो तो डोळ्यांना दिसतही नाही.

बेड फेस करणं म्हणजे काय? मशीन नवीन आहे, तरी करावं लागतं?

हो, नवीन असलं तरी. बेडवर एमडीएफची बळीची शीट, म्हणजे जिच्यावर काप पडले तरी चालतात अशी, स्क्रूनं पक्की बसवायची, स्क्रूची डोकी खोल बुडवायची आणि मोठ्या सपाट बिटनं, २२ किंवा २५ मिमीच्या, सगळा पृष्ठभाग मशीनकडूनच तासून घ्यायचा. त्याचा फायदा असा की बेड मुळात कुठे उंच, कुठे सखल होता याला महत्त्व उरत नाही. स्पिंडल जिथून जसा फिरतो, तसाच बेड तयार होतो.

आधी शीटवर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघांचं जाळं मारा. एका पासमध्ये ०.३ ते ०.५ मिमी काढा. जिथे रेघा पुसल्या गेल्या नाहीत तो भाग अजून खाली आहे. सगळ्या रेघा जाईपर्यंत पास घ्या, पुढे एकही नको.

व्हॅक्यूम बेड असेल तर शीटची दोन्ही बाजूंची कडक साय काढावीच लागते, नाहीतर हवा तिच्यातून जात नाही. कडांना मात्र फेव्हिकॉल किंवा रंग लावून बंद करा, नाहीतर सगळी ओढ बाजूनं निसटते.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. स्पिंडल बेडच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून कडेनं बोटभर पट्टी न तासलेली, उंच राहते. मग आठ फुटी शीट त्या पट्टीवर टेकते, मध्ये हवा राहते आणि तुम्ही आठवडाभर मध्यभागी खोल का जातंय ते शोधत बसता. ती पट्टी हाताच्या रंध्यानं काढून टाका, किंवा बळीची शीटच तेवढी लहान कापा.

किती वेळा? बेडवर चर दिसायला लागले, किंवा हवामान बदललं, की करा.

फेस केल्यावर बेडवर पायऱ्यांसारख्या रेघा दिसतात. हाच दोष का?

नाही, हा वेगळा दोष आहे. नखाला लागणाऱ्या पायऱ्या म्हणजे स्पिंडल बेडशी काटकोनात नाही, थोडा कललेला आहे. यानं पॉकेटच्या तळावर रेघा येतात, पण शीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोली बदलत नाही. या दोघांची गल्लत करून लोक स्पिंडलचे बोल्ट खोलतात आणि मूळ फरक तसाच राहतो.

तपासायचं असेल तर कोलेटमध्ये वाकवलेला दांडा धरा, त्याच्या टोकाला डायल गेज लावा आणि स्पिंडल हातानं फिरवून २०० मिमी व्यासाचं वर्तुळ फिरू द्या. मशीन अर्थातच बंद, व्हीएफडीचा (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणाऱ्या डब्याचा) सप्लाय काढलेला. चार दिशांचे चार आकडे लिहा. २०० मिमीत ०.४ मिमीचा फरक असेल तर २५ मिमीच्या बिटनं साधारण ०.०५ मिमीची पायरी पडेल. एवढी नखाला जाणवते. डावी-उजवीचा कल प्लेट फिरवून निघतो, पुढे-मागेचा कल काढायला स्पिंडलच्या ब्रॅकेटमागे पातळ पत्र्याची शिम घालावी लागते. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा या कामी छान चालतो.

बेड फेस केला, तरी जाड सागवानी फळीवर मध्येच खोल जातं.

कारण जाड लाकूड बेडप्रमाणे वाकत नाही. मशीनची रेल मध्ये खाली झुकली असेल तर फेस केलेला बेडही मध्ये तेवढाच खोलगट होतो. पातळ शीट दाबली की त्या खड्ड्यात बसते आणि सगळं बरोबर दिसतं. ४० मिमीचं सागवान मात्र सरळ राहतं आणि स्पिंडल त्यात खाली झुकतो. इथे फ्रेमच लेव्हलला आणावी लागते.

मशीन ज्या लादीवर उभं आहे ती शेडमध्ये सहसा उताराची असते, कारण पाणी बाहेर जायला तसाच उतार दिलेला असतो. सुताराची पाणसळ इथे ढोबळ अंदाजापुरतीच. फ्रेमला पीळ आहे का, ते पाहायला सोपी युक्ती आहे: बेडच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून दोन दोरे तिरके ताणा. मध्ये जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे नुसते टेकायला हवेत. एक दोरा दुसऱ्याला ढकलत असेल, किंवा वरखाली बदलून पाहिल्यावर मध्ये फट दिसत असेल, तर फ्रेम पिळलेली आहे. पायांचे बोल्ट थोडे थोडे फिरवा, प्रत्येक वेळी दोरे पाहा, आणि शेवटी लॉकनट घट्ट करा. जाड्या लाकडाच्या कामाला एरवीही फळीची वरची बाजू मशीनवरच एकदा फेस करून मग कोरणं शहाणपणाचं.

सुरुवातीला खोली अगदी बरोबर असते. तासाभरानं काप खोल खोल जायला लागतो. का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि मी स्वतः यात दोन दिवस घालवले आहेत. गणपतीच्या उठावाचं सहा तासांचं काम होतं. पहिल्या तासात मुकुट सुंदर आला, सोंडेपर्यंत येईतो दीड मिमी जास्त. मी फाइल तीनदा बदलली. शेवटी शेडमधल्या पोरानं बिटवर मार्करनं एक बारीक रेघ मारली, बरोबर कोलेटनटच्या काठावर. अर्ध्या तासानं ती रेघ नटापासून एक सुताच्या तिसऱ्या हिश्शाइतकी खाली आली होती. ६ मिमीचा बिट मी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीच्या कोलेटमध्ये घातला होता. नट घट्ट लागला होता, पण बिट घट्ट नव्हता.

तेव्हापासून नियम केला: खोली वाढत गेली की पहिली मार्करची रेघ. रेघ सरकली तर दोष कोलेटचा. रेघ जागेवर, पण मशीनला झिरोवर पाठवल्यावर टोक झिरोच्या खाली जातंय, तर दोष झेडच्या चालीचा.

अपकट बिट स्वतःला लाकडात ओढून घेतो, म्हणून सरकला तर बहुधा खालीच सरकतो आणि काप खोल होतो. सरळ खाली घुसवताना जोर लागून बिट वर सरकला तर काप उथळ होत जातो. दोन्ही पाहिलंय, पहिलं जास्त.

कोलेट बसवण्याची बरोबर पद्धत कोणती?

ईआर कोलेट आधी नटात तिरकं घालून ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नट स्पिंडलवर चढवायचा. कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवला तर ते एका बाजूला कलतं आणि बिट डोलतो. बिटची दांडी कोलेटच्या पूर्ण लांबीत जायला हवी. निम्मीच गेली तर कोलेट मागच्या बाजूला मिटतं आणि पुढची पकड जाते. पीळ असलेला भाग कोलेटात नको. नट घट्ट करताना दोन पाने, हातोडी नको. दर बिट बदलताना कोलेटच्या फटी ब्रशनं आणि स्पिंडलची शंकूसारखी खोबण कापडानं पुसा. राळ आणि भुशाचा थर बसला की पकड जाते. कोलेट झिजणारी वस्तू आहे. रोजचं काम असेल तर ते बदलायचं असतं.

मार्करची रेघ हलली नाही. म्हणजे मोटर स्टेप चुकवतेय?

बहुतेक. झेडच्या मोटरला सगळा स्पिंडल उचलायचा असतो. खाली जाताना वजन मदत करतं, वर जाताना आड येतं. म्हणून ती चुकते तेव्हा बहुधा वर जाताना चुकते, आणि प्रत्येक चुकीनंतर काप तेवढा खोल होतो.

इथे एक छान खूण आहे. १.८ अंशाची स्टेपर मोटर ताळ सोडते तेव्हा एकदम चार स्टेप, म्हणजे ७.२ अंश, म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग सोडते. झेडचा बॉलस्क्रू ५ मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिमी हलवणारा, असेल तर हा फरक ०.१ मिमी होतो, १० मिमी लीडचा असेल तर ०.२ मिमी. तुमचा फरक ०.१, ०.२, ०.३ असा पायरीपायरीनं वाढत असेल तर मोटर ताळ सोडतेय. हळूहळू, कसाही वाढत असेल तर कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला आहे का ते पाहा. मोटरचा दांडा, कपलिंग आणि स्क्रू यांच्यावर एकच सलग मार्कररेघ मारा. काम झाल्यावर ती तुटलेली दिसली की झालं.

मोटर ताळ सोडत असेल तर आधी झेडचा वर जाण्याचा वेग आणि ॲक्सलरेशन निम्मं करून पाहा. फरक गेला तर कारण तिथेच आहे. पण तिथे थांबू नका. मशीन आधी त्याच वेगानं नीट चालत होतं ना? मग झेडच्या रेलमध्ये एमडीएफचं पीठ आणि ग्रीस मिळून काळा चिखल झाला असेल. स्क्रू पुसा, नवं ग्रीस द्या, सप्लाय काढून झेड हातानं वरखाली करा. कुठे अडतंय ते बोटांना कळतं. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या भागात मशीनला स्टॅबिलायझर नसेल तर तेही एक कारण.

सपाट कापात काही होत नाही, फक्त थ्रीडी उठावातच खोली बिघडते.

मग ड्रायव्हरच्या पल्सची बाजू तपासा. पल्सच्या चढत्या कडेवर स्टेप घ्यायची की उतरत्या, हे कंट्रोलर आणि ड्रायव्हर दोघांत जुळायला हवं. न जुळल्यास दिशा बदलताना एखादी मायक्रोस्टेप, म्हणजे स्टेपचा बारीक भाग, हरवते. सपाट कापात झेड क्वचितच दिशा बदलतो, म्हणून कळत नाही. उठावात तो हजारोंनी वेळा वरखाली होतो. ३२० पल्सला १ मिमी असेल तर एक पल्स ०.००३ मिमीची, दर वरखालीला एक हरवली तर हजार वरखालींत ३ मिमीचा घोळ. हे शोधायला लोक महिने घालवतात आणि सेटिंगमध्ये ते एका बटनाचं काम असतं.

जोडीला अर्थिंग पाहा. व्हीएफडीपासून स्पिंडलला जाणारी केबल शील्ड असलेली हवी, आणि ती मोटरच्या सिग्नलच्या तारांबरोबर एकाच चेनमधून बांधून नेलेली नको.

५ मिमी सांगितलं तर ४.९ येतं. पल्सचा आकडा बदलू का?

आधी १० मिमी सांगून पाहा. ९.८ आलं तर चूक प्रमाणात आहे, पल्सचा आकडा चुकलाय. ९.९ आलं तर चूक ठरावीक आहे, झिरोच ०.१ मिमी वर घेतला गेलाय आणि पल्सला हात लावायचं कारण नाही.

गणित असं: २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप, म्हणजे फेऱ्याला १६०० पल्स, ५ मिमी लीडचा स्क्रू असेल तर मिमीला ३२०. डीएसपी हँडलवर, म्हणजे मशीन चालवायच्या हातातल्या कंट्रोलरवर, यालाच पल्स इक्विव्हॅलंट म्हणतात. बॉलस्क्रूच्या मशीनवर हा आकडा गोलच यायला हवा. कुणी तिथे ३२६.५३ भरून ठेवलं असेल तर त्यानं दुसराच कुठला तरी दोष आकड्यानं झाकलाय. परत ३२० करा आणि खरा दोष शोधा.

झेडमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का, हे कसं ओळखायचं?

मशीन चालू ठेवा म्हणजे मोटर धरून राहील, स्पिंडल मात्र थांबलेला. स्पिंडलखाली डायल लावा आणि स्पिंडल हातानं वर ढकला. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली आणि परत आली, तर प्ले आहे. तो नेहमी नटातच असतो असं नाही. स्क्रूच्या वरच्या टोकाच्या बेअरिंगचा लॉकनट ढिला झाला की सगळा स्क्रूच वरखाली होतो. तो घट्ट करणं पाच मिनिटांचं काम, नवा नट आणणं हजारोंचं.

सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा, यांत किंचित फरक पडतो.

स्पिंडल तापून लांबतो. पोलाद मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०१२ मिमी वाढतं. २०० मिमी लांबीत २५ अंश चढले तर ०.०६ मिमी. प्लाय कापताना याकडे दुर्लक्ष करा. बारीक कोरीवकाम असेल तर दहा-पंधरा मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवून मग झिरो घ्या.

अक्षरं एकीकडे जाड, एकीकडे बारीक कोरली जातात.

व्ही-बिटमध्ये खोलीची चूक रुंदीत दिसते. ९० अंशाच्या बिटनं ०.२ मिमी खोल गेलं की रेघ ०.४ मिमी जाड. १२० अंशाच्या बिटनं जवळपास ०.७. ६० अंशाचा बिट घेतला तर तीच चूक ०.२३ मिमीवर येते. शीटचा बाक घालवता येत नसेल तर बिट बदलून पाहा, आणि सॉफ्टवेअरमध्ये भरलेला कोन बिटच्या खऱ्या कोनाशी जुळतो ना, तेही पाहा.

एसीपी दुमडताना कुठे तडकते, कुठे दुमडतच नाही.

एसीपीला माफी नाही. व्ही-खाच मारताना पुढचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर साधारण ०.३ मिमी गाभा शिल्लक राहायला हवा. ३ मिमीची शीट, ०.२५ मिमीचा पत्रा, म्हणजे खाच २.४५ मिमी. ०.३ मिमीची चूक झाली की बिट पत्र्याला लागलाच. म्हणून इथे फक्त ताजा फेस केलेला बेड, झिरो बेडवर, आणि खाचेजवळ शीट दाबून धरणारा प्रेशर फूट असेल तर फारच छान.

व्हॅक्यूम आहे, तरी लहान तुकडे हलतात.

व्हॅक्यूमची ताकद क्षेत्रफळावर असते. ०.७ बार ओढीला १० सेंमी चौरस तुकड्यावर फार तर ७० किलोचा दाब मिळतो, ३ सेंमी चौरसावर सहा किलो आणि काहीतरी. शिवाय काप जसजसे पडतात तसतशी त्यांतून हवा शिरते आणि ओढ कमी होत जाते. लहान तुकडे आधी कापा, बाहेरची मोठी कड शेवटी. तुकड्यांना टॅब, म्हणजे शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे जोड, ठेवा, किंवा शेवटचा ०.३ मिमीचा पापुद्रा सोडून शेवटच्या पासला काढा.

पावसाळ्यात हा त्रास का वाढतो?

बळीची शीट ओल पिते आणि फुगते, तीही सगळीकडे सारखी नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर जूनमध्ये फेस केलेला बेड दिवाळीपर्यंत वेगळाच होतो. त्यात नवी आणलेली शीट भिंतीला उभी टेकवून ठेवली की बाक धरते. सपाट, जमिनीपासून वर, बॅटनवर आडवी ठेवा.

प्रोबनं (पृष्ठाला टेकून उंची मोजणाऱ्या टोकानं) उंचीचा नकाशा घेऊन मशीनला आपोआप भरपाई करू दिली तर?

पीसीबीसारख्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीच्या) कामात, जिथे तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा आणि कोरायचं ०.१ मिमी, तिथे याशिवाय पर्याय नाही. ग्रबल या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छोट्या मशीनला हे सहज जमतं. आठ बाय चारच्या प्लायवर मात्र प्रोब करतानाची शीट आणि बिटनं ओढलेली शीट एकाच उंचीवर राहत नाही. शिवाय यानं बेडचा दोष तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

किती फरक चालवून घ्यायचा?

आरपार कामात अर्ध्या मिमीपर्यंत कुणी विचारत नाही. खाचेत फळी बसवायची असेल तर ०.२. कोरीव अक्षरांना ०.१. त्याहून बारीक हट्ट लाकडात धरू नये; रात्रभरात लाकूडच तेवढं हलतं.

मेकॅनिकला बोलवायचंच असेल तर फोनवर काय सांगू?

‘खोली बरोबर येत नाही’ एवढंच सांगितलं तर तो येऊन तीच पंधरा पॉकेट पाडेल आणि त्या दिवसाचे पैसे घेईल. त्याऐवजी तुमच्या आकडे लिहिलेल्या शीटचा फोटो पाठवा, कितवं पॉकेट कुठे पडलं ते दाखवून. बिटवरची रेघ सरकली का, १८० अंश फिरवल्यावर काय झालं आणि पल्सचा आकडा किती भरलाय, हे तीन मुद्दे लिहा. ती शीट टाकून देऊ नका. मागे तारीख घाला आणि शेडमध्ये उभी न ठेवता आडवीच ठेवा.